इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जुन्या कलमाच्या चाकूची कमान (स्प्रिंग) गेली, नवी करून मिळेल का?

जंबेरी_खुंट

वरुड तालुक्यातून लिहितोय. आमची संत्र्याची नर्सरी आहे, आजोबांपासून. आबाजींचा डोळे भरायचा, म्हणजे संत्र्याचा डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवायचा, चाकू अजून घरात आहे आणि या हिवाळ्यापर्यंत मी तो वापरतही होतो. घडीचा आहे, एकाच पात्याचा. मूठ पिवळट पांढरी, पुढच्या टोकाला पांढऱ्या धातूचा गट्टा, मागच्या टोकाला साल उचलायची चपटी जीभ. पात्याच्या बुडाशी इंग्रजीत 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड' असं ठोकलंय, वर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर. शेजारी चांदणी आणि एक क्रूस.

आता अडचण. पूर्वी पातं उघडलं की टक् करून बसायचं, मिटलं तरी टक्. आता ते लुळं पडलंय. उघडं धरलं तर स्वतःच्या वजनानं खाली येतं, आणि डोळा काढताना पातं बोटावर मिटलं तर काय होईल ते सांगायला नको. मुठीच्या पाठीवर मधल्या रिबीटाजवळ केसासारखी रेघ दिसते. ती भेग आहे की ओरखडा, मला कळत नाही. पातं उघडलं की पाठीची पट्टी पुढच्या बाजूला किंचित वर आलेली राहते.

वापराचं सांगतो. नर्सरीत झाडाझाडागणिक चाकू सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायला शिकवलंय, तसं करतो. तेल म्हणून घरी जवसाचं असतं, तेच सांध्यात सोडत आलो.

गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, एक टाका मारून देतो, पाच मिनिटांचं काम. दुसरीकडे जुन्या वस्तू घेणारा एक जण 'आहे तसा दे' म्हणून मागे लागलाय. विकायचा नाही. मला एवढंच कळवा, कमान नवी करता येते का, कोणाकडून, आणि तसं केलं तर ही वस्तू जुनी म्हणून राहील का?

धुऱ्यावरचा_बाप्पा

राजेहो, टाका कायले मारता! आमच्या अथी उन्हाळ्यात घिसाडी येतात, वखराच्या पासा पाजून देतात, इळे करून देतात. त्यायच्यापाशी ने. पण एक इचारतो, हा कमानीचा चाकू घरात ठेवला तं पोलिस काही म्हणत नाई ना? आमच्या गावच्या पोट्ट्याले रामपुरीपायी लय त्रास झाला होता.

पितळी_अस्तर

आधी पोलिसांचं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. कलमाच्या चाकूचं पातं बोटभर. शिवाय तो बटण दाबून फटकन उघडणारा नाही, नखानं ओढून उघडावा लागतो. त्याची कमान पातं उघडत नाही, फक्त जागेवर धरून ठेवते. निश्चिंत राहा.

आता जंबेरीभाऊ. मी नागपूरचा, जुने चाकू जमवतो. मुकुटाच्या बाजूची अक्षरं हेच तुमच्या चाकूचं वय सांगतात. रॉजर्सच्या चाकूंवर व्हिक्टोरिया राणीच्या काळात व्ही आर असायचं, १९०१ पासून ई आर, आणि १९१० पासून जी आर. म्हणजे तुमचा १९१० नंतरचा. चांदणी आणि क्रूस ही त्या कारखान्याची खूण, तिची नक्कलही खूप झाली, पण तुम्ही सांगता तशी मूठ आणि जीभ असेल तर माल अस्सल वाटतो.

माझं मत विचाराल तर हात लावू नका. नवी कमान घातली की चाकू 'दुरुस्त केलेला' ठरतो आणि जमवणाऱ्यांच्या हिशेबात निम्म्यावर येतो. तुटका पण मूळचा चाकू हा चालणाऱ्या पण बदललेल्या चाकूपेक्षा बरा. आणि काहीही झालं तरी बफला लावून चकचकीत करू नका. मी पाहिलेले निम्मे चांगले चाकू बफिंगनं गेलेत, गंजानं नाही. खुणा पुसल्या की उरतं फक्त लोखंड.

मुठीचं एक बघून सांगा. पिवळट पांढरं म्हणजे तीन गोष्टी असू शकतात. हाड असेल तर भिंगाखाली बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा दिसतील. हस्तिदंत असेल तर ठिपके नसतात, आणि आडव्या कापाच्या टोकाकडून पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते. सेल्युलॉइड असेल तर रेघा पट्टीनं आखल्यासारख्या एकदम समांतर, आणि अंगठ्यानं जोरात घासून वास घेतला तर कापराचा वास येतो. हस्तिदंत निघाला तर तो 'मागे लागलेला' माणूस आधी दूर करा. आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. सांबरशिंगाच्या मुठींचीही तीच गत. गंमत बघा, शेफिल्डच्या चाकूंना लागणारं शिंग मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातल्याच सांबरांचं जायचं, तिथून मूठ होऊन परत इथल्या बाजारात.

निवृत्त_फिटर

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, अचलपूरकडचा. पितळी_अस्तर यांचं वयाबद्दलचं आणि बफबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण कपाटात ठेवायचा नियम हत्याराला लावला की मला राग येतो. हा चाकू पन्नास-साठ वर्षं जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर करतात त्या रोपावर, चालला असेल. त्याची कमान हा झिजायचा भाग आहे. शेफिल्डचे कारागीरसुद्धा दुरुस्तीला आलेल्या चाकूची कमान बदलायचे, ते काही त्यातून पाप करत नव्हते.

भाऊ, आधी ही कमान म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. या चाकूत गुंडाळीची स्प्रिंग नसते. मुठीची पाठ, जी तुझ्या तळहाताला लागते, तीच कमान. पोलादाची एक पट्टी. ती दोन रिबीटांनी धरलेली असते, एक शेपटाकडे आणि एक मध्ये. पुढचं टोक मोकळं असतं आणि ते पात्याच्या बुडावर दाबून बसतं. बूड गोल नसतं, त्याला सपाट बाजू काढलेल्या असतात. पातं फिरवलं की बुडाचा कोपरा कमानीचं टोक वर उचलतो, कोपरा पलीकडे गेला की टोक खाली येऊन सपाट बाजूवर आपटतं. तुझा टक् तो हाच. उचल किती, तर जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर.

म्हणजे प्रत्येक वेळी पट्टी वाकते, आणि सगळ्यात जास्त ताण कुठे येतो? मधल्या रिबीटापाशी. तिथेच भोक पाडल्यानं पट्टी आधीच कमजोर. आणि तिथेच पातळ फटीत ओल बसते. तुझी रेघ बरोबर त्याच जागी आहे. न पाहता सांगतो, ओरखडा नसावा.

पण न पाहता काम सुरू करायचं नाही. खडूची परीक्षा कर. भेगेवर रॉकेलचा एक थेंब सोड. रॉकेल आता रेशनवर कुठे मिळतं, तेव्हा डिझेल चालेल. दहा-पंधरा मिनिटं थांब, वरून कोरडं पुसून घे, आणि साधा पांढरा खडू घासून पांढरा थर चढव. खरी भेग असेल तर आत गेलेलं डिझेल परत वर येईल आणि खडूवर ओली काळी रेघ उमटेल. ओरखडा असेल तर काही उमटणार नाही. ही परीक्षा मी मुलांना क्रँकवर करून दाखवायचो. चाकूलाही तीच लागू.

दुसरं, पातं अर्धं उघडं ठेव आणि कमानीच्या पुढच्या टोकावर अंगठा दाब. चांगली कमान हलत नाही. तुटलेली खालीवर डुगडुगते.

पट्टी वर आलेली राहते असं लिहिलंस, त्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. जवसाचं तेल! बाबा रे, जवसाचं तेल हवेनं वाळतं आणि वार्निश होतं. रंगारी ते रंगात घालतात ते त्यासाठीच. सांध्यात ते सोडलं की काही महिन्यांत डिंक, काही वर्षांत खरपुड्या. कमानीच्या टोकाखाली तो थर बसला की ती पूर्ण खाली येऊ शकत नाही. करडईचं तेलही त्यातलंच. चाकूच्या सांध्याला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, बस. आत जमलेलं काढायला दातकोरणीच्या टोकानं डिझेल सोड आणि पातं हळूहळू उघड-मीट कर. थिनर वापरू नकोस. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर थिनरनं विरघळेल. आणि अख्खा चाकू डिझेलमध्ये रात्रभर बुडवूनही ठेवू नकोस, हाड तेल पितं आणि डाग धरतं.

आणि हायपो. पोलादाला क्लोरीनसारखा वैरी नाही. या काळातलं पातं आणि कमान दोन्ही साध्या कार्बन पोलादाची, आजच्या स्टेनलेसची नव्हेत. तू पातं बुडवतोस, पुसतोस, पण सांध्यात शिरलेलं कोण पुसणार? ते रिबीटाच्या भोकाशी बसून खड्डे पाडतं, आणि खड्ड्यातून भेग निघते. याचा अर्थ हायपो सोड असा नाही. नर्सरीत ते बरोबरच आहे. काही रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडाचे दुसऱ्याला जातात आणि त्यातल्या काहींना स्पिरिट किंवा जाळ पुरत नाही, हायपोच लागतं. म्हणून बदलायचा तो चाकू. रोजच्या कामाला स्टेनलेसचा घे, आबाजींच्यानं हौसेची चार कलमं भर.

टाका मारू नकोस. वेल्डिंगच्या उष्णतेनं कमानीचं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, उतरतं. टाक्याच्या बाजूची पट्टी मऊ होऊन वाकलेलीच राहील, किंवा टाक्याच्या कडेला काचेसारखी कडक होऊन आठ दिवसांत पुन्हा तडकेल. वर पात्याचंही पाणी उतरायची भीती आहेच, ते जवळच असतं.

नवी कमान होते. कशी, ते खडूची परीक्षा करून आल्यावर लिहितो.

जंबेरी_खुंट

काका, केली परीक्षा. काळी रेघ उमटली, भोकापासून वरच्या कडेपर्यंत सरळ. अंगठ्यानं दाबलं तर डुगडुगतंही. मुठीवर भिंगातून ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, म्हणजे पितळी_अस्तर म्हणतात तसं हाड. कापराचा वास नाही.

पातं बाजूला हलत नाही, फक्त खालीवर लुळं आहे. मुठीवर दोन रिबीटांची डोकी दिसतात, मधलं आणि शेपटाकडचं. पुढच्या धातूच्या गट्ट्यात तर रिबीटच दिसत नाही. आत कसं शिरायचं?

वस्तू बदलली जाणार याची मलाही धाकधूक आहे. पण आबाजी असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी लोहाराकडे नेला असता हेही खरं.

पितळी_अस्तर

हाड निघालं ते बरं झालं, कायद्याची कटकट गेली.

गट्ट्यातला रिबीट असतो, पण तो ठोकून, घासून गट्ट्याशी एकजीव केलेला असतो. गट्टा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी नावालाही नाही. रिबीटही बहुधा त्याच धातूचा, म्हणून दिसत नाही. तो ड्रिल केला की गट्ट्यावर कायमचा वण राहतो. माझा विरोध मुख्यतः त्यालाच आहे.

निवृत्त_फिटर

आणि त्याला हात लावायची गरजच नाही. पातं बाजूला हलत नाही म्हणतो, म्हणजे पात्याचा रिबीट ठणठणीत आहे. तो राहू द्या. कमान मुठीच्या पाठीकडे असते. मधला आणि शेपटाचा एवढे दोनच रिबीट काढले की ती पाठीकडूनच सरकवून बाहेर येते. गट्टा, पातं, खुणा, सगळं जागच्या जागी. पितळी_अस्तर, आता तरी चालेल?

रिबीट काढणं. हाडावर ठोकलेलं डोकं आहे, तेव्हा हातोडा सरळ मारला की हाड फुटणार. एका बाजूचं डोकं बारीक कानशीनं सपाट कर, पण हाडाला कानस लागू देऊ नकोस. पातळ पत्र्याला भोक पाडून तो डोक्याभोवती ठेव, मग कानस पत्र्यावर घासेल. डोकं गेलं की मधोमध खूण करून दीड मिलिमीटरच्या बिटनं हलकासा खड्डा घे, हातानं फिरवायच्या ड्रिलनं. मशीनवर नाही. मग लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून चाकू त्यावर ठेव, रिबीटाचं दुसरं टोक त्या भोकावर येईल असा, आणि बारीक पंचनं टिकटिक करत उतरव. गंजानं अडकला तर डिझेल सोड आणि दुसऱ्या दिवशी बघ. जोर करायचा नाही. हाड हे शंभर वर्षांचं आहे आणि तेवढं एकच आहे.

निघालेली कमान फेकायची नाही. दोन्ही तुकडे, दोन्ही रिबीट, कागदात गुंडाळून तारीख लिहून चाकूबरोबर ठेव. पुढे कोणाला मूळचं बघायचं असेल तर आहे.

आता पोलाद. नागपूरला इतवारीत लोहाओळीत स्प्रिंग स्टीलची पट्टी मागून बघ, २ ते ३ मिलिमीटरची. नाही मिळाली तर गाडीच्या पाट्याचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, तुकडा. पाटा जुना असेल तर मधला भाग घेऊ नकोस, तिथे आधीच न दिसणाऱ्या भेगा असतात. टोकाकडचा घे. जाडी कमी करायला लोहार लागेल. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, नव्या कमानीची जाडी पात्याच्या बुडाएवढी हवी, फार तर कागदभर जास्त. कमी झाली तर रिबीट ठोकल्यावर पातं मुठीच्या आतल्या दोन पितळी पत्र्यांत आवळलं जाईल.

पट्टी आधी मऊ करून घे. लाल करायची आणि राखेच्या ढिगात पुरून सकाळपर्यंत विसरायची. मग जुन्या कमानीचे दोन्ही तुकडे जोडून तिच्यावर ठेव, आखणी कर, आणि भोकं पाणी द्यायच्या आधीच पाड. पाणी दिल्यावर बिट चालणार नाही. भोकाच्या दोन्ही कडा कोर काढून गुळगुळीत कर. खरबरीत कडेपासूनच भेग सुरू होते.

जुळवणी हे खरं काम, बाकी सगळं हमाली. रिबीटाऐवजी तात्पुरते खिळे घालून कमान बसव. पातं उघडं असताना आणि मिटलेलं असताना, दोन्ही वेळा कमान पितळी पत्र्यांच्या पाठीशी सपाट आली पाहिजे. नखानं चाचपायचं, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वर येत असेल तर कमानीच्या टोकाच्या पोटाकडून एकेक घासा काढ. पात्याच्या बुडाला कानस लावलीस तर माझ्याशी बोलू नकोस. कमान दहा होतील. पातं दुसरं कुठून आणशील?

आणि बाक. सपाट कमान भोकांना बरोबर जुळवून बसवली तर चाकू मिटेल, उघडेल, पण टक् येणार नाही. कमानीत आधीपासून ताण भरलेला हवा. नुसती शेपटाकडचा खिळा घालून ठेवली असता तिचं मधलं भोक पत्र्यांच्या भोकाच्या किंचित वर, पाठीच्या बाजूला, यायला हवं. पाऊण-एक मिलिमीटर पुरे. मग पातं मिटून, वाइसमध्ये मऊ लाकूड लावून कमान दाबायची, भोकं समोरासमोर आली की मधला खिळा सरकवायचा. किती बाक हे पुस्तकात नाही. कमी पडला तर पातं लुळं, जास्त झाला तर नख तुटेल.

पाणी. संध्याकाळी, सावलीत, म्हणजे रंग दिसतो. कोळशाच्या भट्टीत कमान तापव, तारेला बांधून. चुंबक लावून बघत जा. चुंबक चिकटायचं बंद झालं की त्याच्या किंचित पुढे नेऊन सरळ कोमट तेलात बुडव. सरकीचं तेल चालतं. पाण्यात नाही, एवढी बारीक पट्टी पाण्यात तडकते. पाट्याचं पोलाद बहुधा सिलिकॉन-मँगनीजचं असतं, त्याला चुंबक सुटल्यावर अजून थोडा ताव लागतो, लोहाराला माहीत असेल. तेलातून काढलेली कमान आता काचेसारखी आहे, खाली पाडू नकोस.

तिला परत उतरवायचं. पॉलिश पेपरनं एक बाजू पांढरी कर, तव्यावर बारीक रेती पसर, त्यावर ठेवून मंद तापव. आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पात्याला पिवळ्यावर थांबतात, कमानीला निळ्यावर, साधारण ३०० अंश. निळा आला की काढ आणि हवेत गार होऊ दे. मग पुन्हा एकदा तसंच कर. लोहारांची जुनी रीत माहीत असेल तर तेलात बुडवून पेटवतात आणि तेल जळून जाईपर्यंत थांबतात. तीही चालते, पण रंग बघून केलेलं मला जास्त पटतं.

बसवायच्या आधी वाइसमध्ये धरून टोक गरजेच्या दुप्पट उचलून बघ. परत सरळ आलं तर पास. वाकलेलं राहिलं तर मऊ आहे, पुन्हा पाणी दे. तुटलं तर निळ्यापर्यंत पोचलीच नव्हती, दुसरी कर.

धुऱ्यावरचा_बाप्पा

काकाजी, एवढं सारं आमच्या घिसाड्याले सांगितलं तं तो म्हणन, तूच करून घे बाप्पा. 😄 इळ्याले पाणी देते तो एकदम झकास, पण हे मिलिमीटरचं काम त्याच्या हातून होइन का?

निवृत्त_फिटर

बरोबर शंका आहे. म्हणून कामाची वाटणी करायची. पट्टी पातळ करणं आणि पाणी देणं लोहाराकडून, कारण ताव ओळखण्यात तो माझ्याहून सरस. आखणी, भोकं, जुळवणी फिटरकडून. जवळच्या आयटीआयमध्ये फिटरचे सर असतात, त्यांना चाकू दाखव. असं काम बघून कुठल्याही फिटरचे हात शिवशिवतात. आणखी एक जागा म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर, शहरात असतो. जुन्या बंदुकीच्या घोड्याला अशीच सपाट कमान असते, तिच्या कमानी करण्यात त्याचा जन्म गेलेला असतो. घड्याळवाल्याकडे जाऊ नकोस. त्याच्या कमानी कागदासारख्या पातळ असतात, या कामाच्या नाहीत.

जंबेरी_खुंट

काका, लोहार ठरला, आमच्याच गावचा, आबाजींच्या वखराच्या पासा त्याचे वडील पाजायचे. मोर्शीकडे एक ओळखीचे सर आयटीआयला आहेत, त्यांनी चाकू बघून लगेच हो म्हटलं. रिबीटांना काय वापरू? आणि हाडावर परत ठोकताना ते फुटणार नाही हे कसं बघायचं?

पितळी_अस्तर

रिबीट पितळी घ्या, आत अस्तर पितळेचं आहे त्याला शोभतील. आणि काम सुरू करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून. मी अजूनही 'हात लावू नका' पक्षातलाच आहे, पण गट्टा वाचणार असेल तर माझी तक्रार नाही. नवी कमान मात्र घासून-रंगवून जुनी भासवू नका. नवी आहे ती नवीच दिसू द्या. पुढच्या माणसाला फसवलं असं व्हायला नको.

निवृत्त_फिटर

हे एकदम बरोबर बोललात.

रिबीटासाठी गॅस वेल्डिंगवाल्याकडची पितळी कांडी, १.६ मिलिमीटरची, साधी, वर पावडर नसलेली. टाका मारायला निघाला होता ना, त्याच्याकडूनच घे. भोकाच्या मापाची नसेल तर कानशीनं उतरव, घट्ट बसवू नकोस. घट्ट रिबीट ठोकताना फुगतो आणि हाड आतून चिरतो. कांडी आधी लाल करून पाण्यात बुडवून मऊ कर. पितळ पोलादाच्या उलट, असं केल्यानं कडक होत नाही. दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर ठेवून काप, आणि छोट्या गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं पसरव, मधोमध मारू नकोस. चार टिचक्या या बाजूला, चार त्या बाजूला. डोकं हाडाला टेकलं की थांब. हाड आवळण्यासाठी रिबीट नसतो, जागेवर राहण्यासाठी असतो.

मधला रिबीट ठोकण्याआधी पात्याच्या दोन्ही बाजूंना शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची चिंधी सरकवून ठेव. ठोकून झाल्यावर ओढून काढ. तेवढी फट राहते आणि पातं मोकळं फिरतं.

तेल कुठलं ते सांगितलंच आहे. सरांना माझा नमस्कार सांग, आणि तात्पुरत्या खिळ्यांवर असतानाच पाठीचा एक फोटो टाक, उघड्या पात्याचा आणि मिटलेल्या पात्याचा. रिबीट त्यानंतरच ठोका.